गाडी विकण्याआधी रेडिएटर तपासा

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी मी सोळा वर्षं जुनी एक मोठी जर्मन सेडान घेतली. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, एअर सस्पेन्शन (साध्या स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या). आता १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. दिवसभर चालवली तरी पाठ दुखत नाही, इतकी सुखाची गाडी. पण गेल्या सहा महिन्यांत वर्कशॉपच्या फेऱ्या संपेनात. सकाळी बघावं तर पुढची डावी बाजू खाली बसलेली असते, स्टार्ट केली की वर येते. त्यासाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर बदलला, तोही आता घरघरायला लागलाय. आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते, मग एअरबॅग, एबीएस, गिअर असे सगळे दिवे एकदम लागतात. त्यापायी दोन सेन्सर बदलून झाले. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) दर महिन्याला थोडं कमी होतं, खाली थेंब मात्र दिसत नाही. आणि हल्ली साठच्या आसपास वेग असताना गाडी क्षणभर थरथरते, रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी. गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं असतं, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. नवरा म्हणतो, हा पांढरा हत्ती आहे, विकून टाक. माझं मन होत नाही. या वयाची आलिशान गाडी भरवशाची असूच शकत नाही का? आणि पुढच्या महिन्यात लांबचा प्रवास आहे, तो हिच्यातून करावा का?

उत्तर:

ताई, ठेवायची की विकायची हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि आधी एक काम करा. गाडी सध्या चालवू नका, आणि गिअरबॉक्सचं थोडं तेल काढून बघायला सांगा. तुम्ही चार दुखणी वेगवेगळी लिहिली आहेत, पण त्यातली दोन, म्हणजे कमी होणारं कूलंट आणि साठच्या वेगातली थरथर, ही एकच असण्याची शक्यता आहे. ती शक्यता खरी निघाली तर दर दिवस महाग आहे.

बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या बाजूच्या टाकीतच बसवलेला असतो. कूलरच्या आत तेल, बाहेर कूलंट, मध्ये धातूची पातळ भिंत. ती भिंत किंवा तिच्या जोडावरचं सील वयानं गेलं की दोन्ही द्रव मिसळायला लागतात. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब लगेच जातो, तापलेल्या कूलंटचा दाब मात्र बराच वेळ टिकतो, म्हणून गाडी नुसती उभी असतानाही कूलंट तेलात सरकत राहतं. खाली थेंब कुठून दिसणार? गळती आतल्या आत आहे. ऑटोमॅटिक गिअरमधल्या क्लच प्लेटांवर कागदासारखं अस्तर चिकटवलेलं असतं. पाणी आणि कूलंटमधलं ग्लायकॉल ते अस्तर आणि त्याखालचा चिकटा दोन्ही खराब करतं. पहिली खूण बहुतेक वेळा टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवणाऱ्या भागाच्या) लॉक-अप क्लचमध्ये दिसते: तो मध्यम वेगात, हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर पकडायला जातो आणि घट्ट न पकडता थरथरतो. तुम्ही लिहिलेली थरथर तशीच आहे.

हा दोष काल्पनिक नाही. २००० च्या दशकाच्या सुरुवातीच्या काही मर्सिडीज गाड्यांत तो आढळला, आणि निसानच्या २००५ ते २०१० च्या पाथफाइंडरमध्ये तर त्यावरून अमेरिकेत ग्राहकांनी खटला केला. तुमच्या गाडीचं मॉडेल तुम्ही लिहिलं आहे, ते इथे छापत नाही, पण तिच्यातही कूलर रेडिएटरमध्येच आहे.

चांगलं तेल पारदर्शक असतं, वापरून काळपट झालं तरी काचेच्या बाटलीत प्रकाश आरपार जातो. कूलंट मिसळलेलं तेल दुधाळ गुलाबी दिसतं. मिसळ थोडी असेल तर डोळ्यांना कळत नाही, म्हणून रंग ठीक वाटला तरी नमुना प्रयोगशाळेत ग्लायकॉलसाठी तपासून घ्या. कूलंटच्या टाकीचं झाकण इंजिन पूर्ण थंड असताना उघडून तेलाचा तवंग आहे का तेही बघा. मिसळ अगदी सुरुवातीची असेल तर नवा रेडिएटर, आणि जुनं तेल पूर्ण निघेपर्यंत पुन्हा पुन्हा तेल बदलणं, यावर कधी कधी गिअरबॉक्स वाचतो. थरथर बरेच महिने चालू असेल तर टॉर्क कन्व्हर्टर आणि क्लच दोन्हीकडे बघावं लागेल.

नमुना स्वच्छ निघाला तर मलाही हायसं वाटेल. मग थरथरीचं कारण बहुधा जुनं तेल. 'आयुष्यभराचं तेल' यावर कृपा करून विश्वास ठेवू नका. जी झेडएफ कंपनी अनेक जर्मन सेडानना गिअरबॉक्स पुरवते, तिची स्वतःची शिफारस ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा तेल बदलण्याची आहे. तुमची गाडी दोन्ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेली आहे. तेल बदलताना फिल्टरही बदला (काही गिअरबॉक्समध्ये तो प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच असतो, मग पॅनच नवं), आणि पातळी कशी बघणार हे मेकॅनिकला आधीच विचारा. ही पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानाला असताना, स्कॅनरवर तापमान वाचत बघायची असते. हाताने अंदाज घेऊन "झालं" म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

कूलंट मग जातं कुठे? थंड इंजिनवर हातपंपाने दाब देऊन बघायला सांगा, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच. काटा खाली येत असेल तर गळती आहे, मग शोधायची. तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचत नाही, वाळतो आणि पांढरट किंवा कूलंटच्या रंगाचा चुरा मागे ठेवतो. टाकीचा सांधा, थर्मोस्टॅटचं घर, वॉटर पंपाखालचं बारीक भोक, होजच्या टोकांवरचे प्लॅस्टिकचे जोड, इथे टॉर्च मारून बघा. बाहेर काहीच नसेल तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधलं सील) गेलं आहे का हे कळण्यासाठी टाकीतल्या हवेत इंजिनाचे वायू येतात का ही तपासणी करायची. आणि एक: कितीतरी गाड्यांमध्ये तापमानाचा काटा मुद्दाम असा जुळवलेला असतो की बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तो मध्यावरच राहतो. काटा हलला म्हणजे उशीर झालेला असतो. अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की खर्च कुठल्या कुठे जातो. तेव्हा कूलंटचं काम 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणून ढकलायचं नाही.

आता ते दिवे. तुमचे दोन सेन्सर बदलले गेले याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण मला ते निर्दोष होते असं वाटतं. या गाडीत डझनांनी कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे संगणक, आहेत आणि ती सगळी एकमेकांशी बोलत असतात. बॅटरी अशक्त असली की स्टार्टर फिरताना व्होल्टेज एवढं खाली जातं की यातली काही युनिट क्षणभर गप्प होतात. बाकीची "अमुक उत्तर देत नाही" अशी नोंद करतात आणि दिवा लावतात. मेकॅनिक स्कॅनर लावतो, त्याला एबीएसचा कोड दिसतो, तो एबीएसचा सेन्सर बदलतो. अशा वेळी सगळे कोड लिहून घ्यायचे, पुसायचे, बॅटरी पूर्ण चार्ज करून गाडी दोन दिवस चालवायची आणि परत कोणते येतात ते बघायचं. जे परत येतात तेच खरे. असंबद्ध दिवे एकदम लागत असतील तर पहिला संशय बॅटरीवर घ्या.

रात्रभर उभ्या गाडीच्या पूर्ण चार्ज बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७. हे आकडे ठीक असतील आणि तरी आठवड्यात बॅटरी उतरत असेल तर गाडी झोपेत वीज खातेय. हिशोब सोपा आहे: बंद गाडीत अर्धा अ‍ॅम्पिअर जात राहिला तर दिवसाला १२ अ‍ॅम्पिअर-तास, आठवड्याला ८४. अशा गाड्यांना असते तशी ८० ते ९५ ची बॅटरी तेवढ्यात संपते. निरोगी गाडी झोपल्यावर साधारण ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत राहते.

हे शोधणाऱ्याला घाई असून चालत नाही. बॉनेटचं आणि दाराचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद करून गाडीला 'मी बंद आहे' असं वाटू द्यायचं, चावी लांब ठेवायची आणि निदान अर्धा तास हात लावायचा नाही, म्हणजे सगळी युनिट झोपतात. नंतर फ्यूज एकेक उपटायचा नाही, कारण फ्यूज काढून लावला की झोपलेली युनिट जागी होतात आणि मोजणी बिघडते. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे बिंदू असतात. त्यांवर मीटरची टोकं टेकवून मिलिव्होल्ट बघायचे. जिथे आकडा दिसतो त्या वायरीतून वीज चालली आहे. ज्याला हे करता येतं तो मेकॅनिक जपून ठेवा.

तुम्ही स्वतः एक गोष्ट आजच करू शकता. चारही बाजूंचे पायाखालचे मॅट उचला आणि कार्पेट तळहाताने जोरात दाबा. ओल लागली तर कारण सापडलंच असं समजा. सनरूफचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आणि काचेखालचा चर पानांनी तुंबतो, पाणी आत उतरतं, आणि नेमकी कार्पेटखाली काही कंट्रोल युनिट आणि वायरींचे जोड असतात. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातही बघा. नवी बॅटरी घातली तर ती स्कॅनरने गाडीत नोंदवावी लागते का हेही विचारून घ्या. अनेक मॉडेलांत लागते, नाही तर चार्जिंग जुन्या बॅटरीच्याच हिशोबाने होत राहतं.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण तुमचा नवा कॉम्प्रेसरही मरायला टेकलाय, तेव्हा नीट लिहितो. कॉम्प्रेसर हे दुखणं नाही, ते दुखण्याचा बळी आहे. एअर स्ट्रटमध्ये, म्हणजे चाकावर गाडी पेलणाऱ्या खांबात, रबराची पिशवी असते, तिचा खालचा भाग नळकांड्यावर दुमडून खालीवर सरकतो. त्या दुमडीवर वर्षानुवर्षं वाकून बारीक चिरा पडतात. गाडी उभी असताना तिथून हवा जाते, कोपरा बसतो. सकाळी कॉम्प्रेसरला ती सगळी हवा पुन्हा भरावी लागते. हे यंत्र थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलंय. रोज लांब पळालं की तापतं, पिस्टनची रिंग झिजते, हवा कोरडी करणारे दाणे ओले होतात आणि ती ओल व्हॉल्व्हमध्ये जाते. शेवटी रिले चिकटला तर ते थांबतच नाही. स्ट्रट तसाच ठेवून तुम्हाला फक्त कॉम्प्रेसर विकला गेला, हे योग्य झालं नाही.

गाडी लिफ्टवर घेऊन चाक खाली लोंबकळलं की दुमड उघडते. तिच्यावर साबणाचं पाणी फवारायला सांगा आणि स्वतः उभ्या राहून बघा. बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. वरच्या टोकाला हवेची नळी जिथे जोडली आहे तिथे आणि चारही कोपऱ्यांना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकवरही फवारा, कारण गळती तिथे निघाली तर काम फार स्वस्तात होईल. स्ट्रट गेला असेल तर दोन्ही पुढचे एकदम बदला. एकाचं वय झालं तसं दुसऱ्याचंही झालंय. हवेचं सस्पेन्शन काढून साध्या स्प्रिंग बसवा असं कुणी सुचवेल. मी तसं करणार नाही. पाठ दुखत नाही म्हणून तुम्ही ही गाडी घेतलीत, तेच काढून टाकायचं तर उरलं काय?

आता तुमचा मूळ प्रश्न, भरवशाचा. माझं ठाम मत आहे की अशा गाड्या मुळात कच्च्या नसतात. इंजिनाचा ब्लॉक, क्रँक, गिअरचे दाते, दारं, सीट हे सगळं तुमच्यामाझ्या अपेक्षेपेक्षा जास्त टिकतं. वयानं जातं ते प्लॅस्टिक, रबर आणि वायरींवरचं आवरण. १९९५ ते २००३ च्या बीएमडब्ल्यू ५ सिरीजचं सहा सिलिंडरचं इंजिन नावाजलेलं, पण तिच्या कूलंटच्या टाक्या आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या नळ्या ठिसूळ होऊन फुटायच्या. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या मर्सिडीज म्हणजे दणकट गाड्यांचा नमुना, तरी त्या काळातल्या अनेक इंजिनांच्या वायरींवरचं आवरण उष्णतेने भुगा होऊन गळायचं. जॅग्वारच्या सुरुवातीच्या व्ही-एटमध्ये टायमिंग चेनचे टेन्शनर प्लॅस्टिकचे होते, पुढे कंपनीने धातूचे दिले. लेक्ससची एलएस ४०० ही १९८९ साली आली, आणि तिच्यातली १९९६ सालची एक गाडी अमेरिकेत १० लाख मैलांच्या पुढे गेली. पण त्या मॉडेललाही पॉवर स्टीअरिंगचं तेल गळून खालच्या अल्टरनेटरवर पडायचं दुखणं होतंच.

म्हणून बोधचिन्हावरून काही ठरवू नका, इंजिनाचा कोड आणि वर्ष बघा. मर्सिडीजच्या एम २७२ या व्ही-सिक्स इंजिनात सुरुवातीच्या काही काळात बॅलन्स शाफ्टचं (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचं) दातेरी चाक झिजायचं आणि ते बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. नंतरच्या इंजिनांत तो दोष नाही, आणि तुमचं कुठल्या गटात हे इंजिनाच्या क्रमांकावरून कळतं. ई-क्लासच्या डब्ल्यू २११ मध्ये विजेवर चालणारी एसबीसी ब्रेक यंत्रणा होती, २००६ च्या बदलात ती काढून साधे हायड्रॉलिक ब्रेक आले. नाव तेच, आकार तोच, एका वर्षाच्या अंतराने गाडी वेगळी. तुमच्या गाडीची ही माहिती काढा आणि तिची ठरलेली दुखणी कागदावर लिहून घ्या. ती संख्या तुम्हाला वाटते त्यापेक्षा लहान निघेल.

तुमच्या गाडीत आज जे एकामागून एक निघतंय ती आधीच्या मालकांची थकबाकी आहे. गिअरचं तेल सोळा वर्षं कुणी बदललं नाही, रेडिएटर मूळचाच, स्ट्रट मूळचे. किंमत उतरत गेली तसा प्रत्येक नवा मालक खर्च पुढच्यावर ढकलत आला आणि तो तुमच्यापाशी येऊन थांबला. गाडी स्वस्त झाली, तिचे सुटे भाग मात्र नव्या गाडीच्याच भावाचे राहिले, हे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं असेल तर ते बरोबर आहे, आणि ते मनावर घ्या.

खर्चात एक सवलत मिळवता येते. कंपनीच्या खोक्यातला भाग बहुतेक वेळा दुसऱ्याच कारखान्यात बनलेला असतो: लेमफर्डर, साक्स, माले, बॉश, झेडएफ. तोच भाग बनवणाऱ्याच्या खोक्यात कमी पैशात मिळतो. भाग क्रमांक जुळवून तोच घ्या. वापरलेले भाग आतल्या सजावटीसाठी, सीटच्या मोटरसाठी, आरशासाठी खुशाल चालतील. वापरलेला एअर स्ट्रट किंवा रेडिएटर कधीच नको, आणि वापरलेलं कंट्रोल युनिट घेण्याआधी ते तुमच्या गाडीच्या क्रमांकाशी जोडता येतं का हे खात्रीने विचारा, काही युनिट चोरीविरोधी कुलुपामुळे दुसऱ्या गाडीत चालतच नाहीत.

ठेवायची की विकायची, हे लिफ्टवर गाडी असताना ठरवा. सबफ्रेम (सस्पेन्शन पेलणारी खालची चौकट) जिथे बॉडीला बसते ते बिंदू, जॅक लावायच्या जागा, ब्रेकच्या नळ्या: इथे गंज आत शिरला असेल तर बाकीचं कितीही चांगलं असलं तरी विका. गिअरच्या तेलात भरपूर कूलंट निघालं आणि गिअर बदलताना झटके बसत असतील तरीही मी विकायलाच सांगेन, खरं कारण खरेदीदाराला सांगून. घरात ही एकच गाडी असेल आणि तिच्याविना तुमचं एक दिवसही अडत असेल, तर ती तुमच्यासाठी नाही. एखादा भाग यायला आठवडा लागतो तेव्हा दुसरी सोय हवी. आणि मेकॅनिककडे तुमच्या गाडीच्या सगळ्या यंत्रणा वाचणारा स्कॅनर हवा. साधा स्वस्त ओबीडी स्कॅनर मुख्यतः इंजिनाच्या उत्सर्जनाशी संबंधित कोड वाचतो, सस्पेन्शन आणि एअरबॅग त्याला बहुधा दिसतच नाहीत. तसा माणूस जवळपास नसेल तर ही गाडी ठेवण्याचा हट्ट करू नका.

यातलं काहीच आड येत नसेल तर ठेवा, ताई, मनापासून ठेवा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडू नका, त्यावरून कुठलीच जुनी गाडी दुरुस्त करावीशी वाटणार नाही. तो दुसरी गाडी घेऊन वर्षभर चालवायला काय पडेल त्याच्याशी ताडा, त्या गाडीच्या किमतीतली पहिल्या वर्षातली घसरणही धरून. आणि वर्षाला किती खर्च झाला की थांबायचं हा आकडा तुम्ही दोघांनी मिळून आत्ताच लिहून ठेवा. वर्कशॉपमध्ये उभं राहून तो ठरत नाही.

कामांचा क्रम असा धरा: कूलंट आणि गिअरचं तेल सगळ्यात आधी. त्याच फेरीत ब्रेकचं तेल, ते हवेतली ओल शोषतं म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचंच, आणि टायर. टायरच्या कडेवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी भरपूर दिसली तरी दहा वर्षांचा टायर काढून टाका. मग बॅटरीचा शोध, मग स्ट्रट. खालच्या आर्मचे बुश आणि इंजिन माउंट नंतरही चालतील. गाडी जपायची म्हणून उभी करून ठेवू नका. दुरुस्ती झाली की आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवा, सील आणि बॅटरी दोन्हीसाठी ते बरं.

पुढच्या महिन्यातला प्रवास मात्र आज तरी या गाडीतून ठरवू नका. तेलाचा नमुना स्वच्छ आला, दाबाच्या तपासणीत काटा हलला नाही आणि दुरुस्तीनंतर निदान पंधरवडा कूलंटची पातळी रेषेवर राहिली तर जा, डिकीत त्याच प्रकारचं कूलंट एक लिटर ठेवून. तिन्हीपैकी एक जरी राहिलं असलं तर त्या वेळी दुसरी गाडी न्या.